तळहातावरची सभा

ठाकुर्ली,
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. आधी बातमी सांगते, मग रडगाणं. मी आमच्या सोसायटीची अध्यक्ष झाले. चुकून.

काल खालच्या हॉलमध्ये वार्षिक सभा होती. मी दरवर्षी जाते. आपल्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली, आजीचं नाव तिला दिलं, तर निदान आपल्या घरातल्या एका भोईराने तरी तिथे जाऊन बसावं. (गेटवर आता 'गंगुबाई हाइट्स' नाही, 'जी हाइट्स' लिहिलंय म्हणे. नव्या लोकांना पत्ता सांगताना लाज वाटते.) दिपेश शेजारी बसलेला. सभेत काय चाललंय ते त्याने माझ्या तळहातावर बोटाने लिहून सांगायचं, असं ठरलेलं. म्हणजे लोक बराच वेळ भांडतात आणि माझा भाऊ लिहितो, 'पार्किंग'. परत भांडतात. 'गळती'. मग तो मोबाइलमध्ये शिरला आणि माझा तळहात मांडीवर तसाच उघडा राहिला.

मला तहान लागली म्हणून मी हात वर केला. एरवी हात वर केला की कोणीतरी पाण्याची बाटली आणून देतं. काल फुलांचा गुच्छ आला.

झालं असं होतं की जुने अध्यक्ष पुण्याला राहायला गेले, आणि त्यांची जागा घ्यायला कोणी तयार नव्हतं. सेक्रेटरी देवेशने विचारलं, 'कोणी इच्छुक?' त्याच वेळी माझा हात वर गेला. दिपेशने लिहिलं, 'टाळ्या'. मला वाटलं कोणाचा तरी सत्कार आहे. मीही वाजवल्या.

नंतर देवेशने स्वतः येऊन माझ्या हातावर इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फक्त सह्या करायच्या.'

मी तिथेच नाही म्हणणार होते. पण विचार केला, कान आणि डोळे दोन्ही गेल्यापासून मी या कल्याण-ठाण्यातल्या ऑफिसाऑफिसांत हेच सांगत फिरते ना, की आमच्यासारख्यांना सत्कार नको, खुर्ची द्या? आता खुर्ची मिळाली, तर चुकून मिळाली म्हणून परत करू?

नाही केली. तू काय म्हणतेस?

तुझी,
हेमा


नौपाडा, ठाणे,
२९ सप्टेंबर २०२४

चि. हेमा बाय,

तुला पोटभर आशीर्वाद. मी शेजारीपाजारी पेढे वाटले. 'भाची अध्यक्ष झाली' एवढंच सांगितलं, कसली ते सांगितलं नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी 'कुठल्या पक्षाची?' असं विचारलं. मी नुसती हसले.

खुर्ची सोडू नकोस. पण न वाचता सही करू नकोस. तुला हे सांगायला नको म्हणा. पोट तुझं दुखत होतं आणि डॉक्टर ते दिपेशला समजावत होते, तेव्हा तू त्यांचा हात धरून म्हणाली होतीस, 'आजार माझा आहे, माझ्या हातावर लिहा.' डॉक्टरांनी ॲपेंडिक्सचं स्पेलिंग दोनदा चुकवलं. पस्तीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासलेली मी, पण त्या चुकांचा मला फार आनंद झाला होता.

एक विचारायचं राहिलं. हा देवेश कोण? आपण होऊन येऊन हातावर लिहितो म्हणजे मुलगा सुसंस्कृत दिसतो. लग्न झालंय का त्याचं?

तुझी,
सगुणाआत्या


ठाकुर्ली,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

देवेशचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. विषय संपला.

त्याने परवा कागदांचा गठ्ठा आणला, पेन माझ्या हातात दिलं आणि माझं बोट सहीच्या जागेवर टेकवलं. मी म्हटलं, 'मेल करा. वाचते, मग सही.' माझ्या कॉम्प्युटरला ब्रेलची पट्टी आहे, अक्षरं टिपके होऊन बोटांखाली येतात, आत्याची पत्रंही मी अशीच वाचते, असं सगळं त्याला सांगितलं. त्यानंतर तो बराच वेळ माझा हात धरून बसला. आत्या, तू लगेच काही समजू नकोस. धक्का बसला होता त्याला.

त्या कागदांत एक ठराव होता. 'मोठ्या लिफ्टमध्ये घरकामगार, डिलिव्हरी कर्मचारी, सफाई कामगार व पाळीव प्राणी यांना सक्त मनाई असल्याची सूचना कायम ठेवणे.' त्यांच्यासाठी छोटी लिफ्ट आहे. ती गुढीपाडव्याला बंद पडली. मिस्त्री मोटर काढून घेऊन गेला तो परत आलाच नाही.

माझ्याकडे गणपतीनंतर ऐश्वर्या नावाची मुलगी स्वयंपाकाला यायला लागली आहे. चोळेगावात राहते. तिचं अक्षर सुरेख आहे, रफार-वेलांटी सगळं जागच्या जागी. पण सकाळी आल्या आल्या तिचं बोट थरथरायचं, हात गार पडलेला असायचा. मला वाटायचं, मला घाबरते. नवीन माणसं घाबरतात.

ठराव वाचल्यावर मी तिला विचारलं, 'तू वर कशी येतेस गं?'

'जिना.'

'अकरा मजले?'

'तुमच्याकडे अकरा. वाघचौरेकाकांकडे सोळा.'

'रोज?'

तिने लिहिलं, 'पाचवा.'

मी म्हटलं, 'अगं पाचवा कुठे, हा अकरावा.'

 मग तिने माझा हात उचलून आपल्या पोटावर ठेवला.

मी दिपेशला बोलावून विचारलं, 'लिफ्टमध्ये अशी पाटी आहे हे तुला माहीत होतं?' त्याने लिहिलं, 'हो.' 'मग मला का सांगितलं नाहीस?' तर म्हणतो, 'तुझ्यासाठी नव्हती ती.'

मी सही केलेली नाही.

हेमा


नौपाडा,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. हेमा,

पत्र वाचून रात्री जेवण गेलं नाही. पाचव्या महिन्यात सोळा मजले! माझ्या वेळेला आई मला विहिरीवर जाऊ देत नव्हती. 'काय झाला गो बाय, तू बस,' म्हणायची, आणि स्वतः हंडा उचलायची.

पण एकदम भांडायला जाऊ नकोस. आधी गोडीत सांग. माणसं वाईट नसतात, त्यांना सवय झालेली असते. आणि त्या मुलीलाही विचार. लिफ्ट तुझ्या लेखी तत्त्व असेल, तिला मात्र काम देणारं घर सांभाळायचं आहे.

आत्या


ठाकुर्ली,
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

गोडीत सांगून झालं. देवेश म्हणाला, 'मॅडम, इमोशनल होऊ नका.' मग मी पाटी काढली.

आधी चुकीची काढली. लिफ्टमध्ये दोन पाट्या आहेत, दोन्ही सारख्या गुळगुळीत, दोन्हींना कोपऱ्यात स्क्रू. मी उतरवली ती 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये' ही होती. ती मोठ्या रुबाबात देवेशच्या दारात ठेवून आले. म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या टॉवरमध्ये आगीतसुद्धा लिफ्ट वापरायची मोकळीक होती, ऐश्वर्याला मात्र नव्हती. दुसऱ्या दिवशी बरोबर पाटी काढली.

मग सूचना लावायची होती की कामाला येणाऱ्या कोणीही कुठलीही लिफ्ट वापरावी. देवेश म्हणाला, ऑफिसचा प्रिंटर बिघडलाय. वागळे इस्टेटला आमच्या अंध-बधिरांच्या संस्थेत ब्रेलचा प्रिंटर आहे, तो कधी बिघडत नाही. तिथून छापून आणली. जाडा पांढरा कागद, नुसते टिपके, खाली माझी सही. लिफ्टमध्ये चिकटवली.

बिल्डिंगमध्ये घबराट पसरली. कागदावर काय आहे कोणालाच कळेना. कोणी म्हणालं कोर्टाची नोटीस, कोणी म्हणालं पेस्ट कंट्रोलचं काहीतरी. शेवटी एकेक जण माझ्या दारात यायला लागला. मी प्रत्येकाला वाचून दाखवलं. एका बाईंनी हातावर लिहिलं, 'आम्हाला वाचता येणार नाही अशी सूचना लावणं बरोबर आहे का?' मी म्हटलं, 'अजिबात नाही.' 

मग दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी माझ्या पायाखालची फरशी थरथरायला लागली. मला वाटलं, वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम काढलंय. मी देवेशला मेसेज केला: 'रविवारी ड्रिलिंगला परवानगी नाही. ताबडतोब बंद करायला सांगावं.' आत्या, ते ड्रिलिंग नव्हतं. ते सगळे माझ्या दाराबाहेर थाळ्या वाजवत होते. माझ्या निषेधार्थ! देवेशच्याच हातात सगळ्यात मोठी परात होती. त्याने मेसेज वाचला आणि सवयीने सगळ्यांना थांबवलं.

थाळ्या निष्फळ ठरल्यावर त्यांनी माझ्यावर बहिष्कार टाकला. कोणी माझ्याशी बोलायचं नाही. हे सगळं मला भाऊबीजेला दिपेशने सांगितलं. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, नेहमीसारखंच चाललंय.

हे सगळं लिहिताना मला हसू येतं. पुढचं लिहिताना येत नाही. वाघचौऱ्यांनी ऐश्वर्याला कामावरून काढलं. ती लिफ्टने गेली म्हणून. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रोज पूजा करतात, आणि दारातूनच परत पाठवली. ती माझ्याकडे आली तेव्हा पहिल्यांदाच तिचं बोट थरथरत नव्हतं. इतकं दाबून लिहिलं की हात दुखला: 'ताई, पाटी तुम्ही काढली, काम माझं गेलं.'

तू सांगितलं होतंस, तिला विचार. मी विचारलं नव्हतं.

हेमा


नौपाडा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. हेमास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बराच विचार केला. मला वाटतं, तू आता राजीनामा द्यावास. तुझी तब्येत नाजूक आहे. एवढ्या मोठ्या सोसायटीत सर्व स्टेकहोल्डर्सना सोबत घेऊन चालावं लागतं. तू भावनेच्या भरात निर्णय घेतेस असा लोकांचा समज होत आहे, त्यामुळे प्रॉपर्टीच्या इमेजवरही परिणाम होतो. सन्मानाने बाजूला झालीस तर सर्वांच्याच दृष्टीने योग्य राहील.

थंडी सुरू झाली आहे, पायात मोजे घालत जा.

सगुणाआत्या


ठाकुर्ली,
२० नोव्हेंबर २०२४

आत्या,

या पत्रात तुझी म्हणावी अशी एकच ओळ आहे, मोज्यांची.

'स्टेकहोल्डर्स' हा शब्द तू आयुष्यात लिहिलेला नाहीस. 'प्रॉपर्टीची इमेज' तर नाहीच नाही. दिपेश तुझ्याकडे येऊन गेला ना? चहा प्यायला असेल, मान खाली घालून बसला असेल, 'आत्या, तुझंच ऐकेल ती' म्हणाला असेल. फ्लॅट विकायचा धंदा त्याचा, बिल्डिंगचं नाव खराब झालं तर गिऱ्हाईक येत नाही, हे मला समजतं. पण माझ्याशी बोलायला तो दोन मजले वर आला नाही, ठाण्याला गेला.

आणि माझी तब्येत नाजूक कधीपासून झाली? मला दिसत नाही आणि ऐकू येत नाही. बाकी मी घोड्यासारखी आहे.

पुढची गोष्ट ऐक. एक डिसेंबरला विशेष सभा आहे, माझ्यावर अविश्वासाचा ठराव. देवेशने नोटीस मेल केली. त्यात लिहिलंय, 'अध्यक्षांना आपली बाजू मांडण्याची व आरोप ऐकून घेण्याची पुरेपूर संधी देण्यात येईल.' ऐकून घेण्याची! मी विचारलं, कशी? तर म्हणे, तुमचा भाऊ लिहील की. आणि भाऊ म्हणतो, 'मला या भानगडीत घेऊ नकोस.'

म्हणजे मी त्या दिवशी पुढे बसणार, सगळे माझ्याविषयी बोलणार, आणि शेवटी कोणीतरी माझ्या हातावर 'संपलं' असं लिहिणार.

हेमा


नौपाडा,
२३ नोव्हेंबर २०२४

बाय,

पकडलंस. तो आला होता. चहा दोनदा घेतला. त्याने मोबाइलवर लिहून आणलं होतं, मी ते पाहून उतरवलं आणि मोजे पदरचे घातले. मला वाटलं, तू त्रासातून सुटशील. तुझ्या वतीने तुलाच न विचारता ठरवणाऱ्या माणसांविरुद्ध तू इतकी वर्षं भांडलीस, आणि मीही त्यांच्याच पंगतीत जाऊन बसले.

एक तारखेला मी येते. तुझ्या शेजारी बसेन आणि प्रत्येक शब्द लिहीन. शिक्षिका होते मी, श्रुतलेखन मला येतं.

ऐश्वर्याला माझा निरोप दे. तिला डिंकाचे लाडू घेऊन येते आहे.

आत्या


नौपाडा,
४ डिसेंबर २०२४

चि. हेमा,

घरी पोचले. त्या दिवशी तू विचारलंस, 'कसं दिसत होतं ते सांग.' तेव्हा तुझा तळहात इतका लाल झालेला होता की मला त्यावर आणखी एक अक्षर काढवेना. म्हणून आता सांगते.

मी आले तेव्हा हॉल गच्च भरला होता. बाजार बरा एवढा गलका. मी तुझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि बाह्या सारल्या, तर तू म्हणालीस, 'आत्या, तू लिहू नकोस. नुसती बस. मध्ये कोणी असलं की लोक त्याच्याशीच बोलतात.' बाय, खरं सांगते, मला राग आला होता.

मग तू उभी राहिलीस. तुझा आवाज तुला ऐकू येत नाही, म्हणून तो माइक नसतानाही मागच्या भिंतीला जाऊन आपटतो. तू म्हणालीस, 'ज्यांना माझ्यावर आरोप करायचाय त्यांनी इथे येऊन माझ्या हातावर करावा. मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. जोडाक्षरं जरा सावकाश.' आणि तळहात टेबलावर उघडा ठेवून बसलीस.

 देवेश उठून म्हणाला, 'असं कसं चालेल? संध्याकाळ होईल!' तू अर्थात ऐकलं नाहीस. मागून एक म्हातारे म्हणाले, 'नोटिशीत पुरेपूर संधी लिहिलंयस ना तूच?' मग देवेशनेच सगळ्यांना रांगेत उभं केलं. रेशनच्या दुकानासारखी रांग, हेमा! पार दारापर्यंत.

पहिल्या बाई आल्या त्या वाघिणीसारख्या. तुझा हात हातात घेतला, थोडं लिहिलं, तुझ्याकडे बघितलं, परत थोडं लिहिलं. उठल्या तेव्हा पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्यामागचे चौघे रांग सोडून परत खुर्चीत जाऊन बसले. एका तरुणाने नखं बघितली आणि हात धुऊन आला. गलका करणारी ती माणसं कुजबुजायला लागली, जणू काही कोणी निजलंय.

वाघचौरे मी लगेच ओळखले. पांढरा सदरा, हातात मुद्द्यांचा कागद. चष्मा लावून खाली बसले, लिहायला लागले आणि मध्येच थांबले. बोट तुझ्या हातावर तसंच. कानाच्या पाळ्या लालबुंद. मग काहीतरी पुरं केलं, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठले.

दुपारनंतर रांगेत दिपेश दिसला. मला वाटलं, हासुद्धा आरोप करणार? त्याने काहीतरी एवढंसंच लिहिलं. तू मान हलवलीस. आणि तो मागे वळून सगळ्या हॉलवर ओरडला, 'पाच मिनिटं थांबा, दमली ना ती!' इतका ओरडला की देवेश खाली बसला.

मतदानाच्या वेळचं सांगायलाच हवं. देवेश म्हणाला, 'ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा.' पुष्कळ हात वर गेले, बाय.  दिपेशने ते तुझ्या हातावर लिहिलं आणि तू म्हणालीस, 'आपल्या नियमपुस्तकात लिहिलंय, हात अध्यक्षांनी मोजायचे. मला वर गेलेले हात मोजता येत नाहीत. ज्यांना मी नको आहे, त्यांनी आपला हात माझ्या हातात द्या.'

देवेशने पुस्तक चाळलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. नियम तसाच होता; त्याने पुस्तक मिटलं. मग वर गेलेले हात हळूहळू खाली यायला लागले. कोणी डोकं खाजवल्यासारखं केलं, कोणी पंखा दाखवल्यासारखं.

पण काही जण आले, ते खरं. तू प्रत्येकाला 'थँक्यू' म्हणालीस. ठराव पडला.

आता तू सांग. त्या हातांनी काय काय सांगितलं?

आत्या


ठाकुर्ली,
२२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, कारण गोष्ट संपलीच नव्हती.

आधी हात. निम्म्या लोकांनी माझ्या हातावर गळती लिहिली. लिफ्टबद्दल बोलायला आलेले, बोट टेकवल्यावर बाथरूमच्या गळतीवर घसरले. ती पहिली बाई, जिला तू वाघीण म्हणतेस, तिने 'तुम्हाला काय कळतं' असं सुरू केलं आणि पुढे लिहिलं, 'माझ्या सासूबाईंनाही आता ऐकू येत नाही. त्यांच्याशी असं लिहून बोलता येईल का?' तिला सोमवारी वागळे इस्टेटला बोलावलंय. एकाने नुसताच हात धरला, काहीच लिहिलं नाही. देवेशने लिहिलं, 'सॉरी फॉर परात.'

वाघचौऱ्यांनी लिहिलं, 'कामवाल्यांच्या घा'. तिथे बोट थांबलं. आत्या, पुढे 'म' येणार होता. घामाचा वास. माइकवर ते धडधडीत बोलून गेले असते. पण समोरच्या माणसाच्या तळहातावर, आणि तोही सकाळपासून घामेजलेला तळहात, तिथे त्यांचा 'म' उतरेना. बराच वेळ बोट जागच्या जागी. मग त्यांनी 'ई' काढली. 'कामवाल्यांच्या घाईच्या वेळी लिफ्ट भरते.' मी म्हटलं, 'खरं आहे, छोटी लिफ्ट दुरुस्त करून घेऊ.'

दिपेशने लिहिलं होतं, 'दमलीस?' एवढंच. आता रोज वर येतो. बडबड्या झालाय. काल त्याने मला क्रिकेटची अख्खी मॅच हातावर लिहिली.

तर ठराव पडला, लिफ्ट सगळ्यांची झाली. पण दुसऱ्या दिवसापासून ऐश्वर्या आणि मी लिफ्टमध्ये शिरलो की बाकीचे शिरेनात. बाहेरच थांबायचे. लिफ्ट खाली येऊन परत थांबायची, आत कोणीतरी कामवाली नाहीतर कचरेवाला असायचाच, मग तीही सोडायचे. शेवटी काही जण जिन्याने जायला लागले. आत्या, खरं सांगते. फ्लॅटचे मालक जिन्याने आणि कामवाल्या मोठ्या लिफ्टमध्ये! वाघचौरे सोळा मजले चढत होते. ऐश्वर्याने मला सांगितलं, 'काका बाराव्या मजल्यावर बसलेत, पाणी देऊ का?' मी म्हटलं, 'विचार.' ती परत येऊन म्हणाली, 'नको म्हणाले. पण बाटली घेतली.'

कोणीच हरायला तयार नव्हतं. मग एकेकाचे गुडघे बोलायला लागले. आधी तिसऱ्या मजल्यावरचे लिफ्टमध्ये आले (तिसरा मजला, बघ!), मग सातव्यावरचे, मग वाघीण सासूबाईंना घेऊन. कोण कोण आलं ते ऐश्वर्या माझ्या हातावर लिहायची, आणि शेवटी, 'काका नाही.'

मी तिला या वेळी आधीच विचारलं होतं. म्हटलं, 'तू म्हणशील तर मी वाघचौऱ्यांकडे जाते. तू म्हणशील तर नाही जात.' तिने लिहिलं, 'नका जाऊ.' मी गेले नाही. फार जड गेलं मला ते. तिला सातवा सरत आलाय, आणि त्या घरी तिच्या जागी अजून कोणी टिकलेलं नाही.

आज सकाळी ती आणि मी भाजी घेऊन आलो. लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटायला लागलं आणि थडकन उघडलं, ते मला तळव्यांना कळतं. परत मिटलं, परत उघडलं. कोणीतरी दारात पाय घालून उभं होतं. मग माझ्या मनगटाला एक हात लागला. थंड, कोरडा. मी तो ओळखला, 'घा'वर अडलेला तो हात. त्याने माझ्या तळहातावर लिहिलं, 'जागा आहे का?'

मी म्हटलं, 'मला काय विचारता, मला दिसतंय का? ऐश्वर्याला विचारा.'

हात निघून गेला. दार परत मिटायला गेलं आणि उघडलं. मी भाजीची पिशवी घट्ट धरून उभी. आत्या, त्या वेळी जगात काय चाललं होतं ते मला काहीही कळत नव्हतं. बोलताहेत की नाही, बघताहेत की नाही, की गेले निघून. ऐश्वर्याचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं होतं, ते अजिबात हललं नाही.

मग लिफ्टची जमीन किंचित खाली दबली. एका माणसाच्या वजनाएवढी.

वर घरात आल्यावर मी विचारलं, 'काय म्हणाले गं?'

ती भाजी निवडायला बसली. निवडून, धुऊन झाल्यावर ओल्या बोटाने तिने लिहिलं, 'माझ्याशी बोलले ना, ताई? मग माझ्याकडेच राहू दे.'

तुझी,
हेमा